अळणी रश्श्याची गोष्ट

गटाची बैठक उरकली असेल, बचतीचे पैसे मोजून झाले असतील, तर आता थोडं सावरून बसा. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय ते कोंबडीच्या साध्या, अळणी रश्श्याबद्दल. रश्श्याला कसला आलाय इतिहास, असं तुम्ही म्हणाल. पण आहे, आणि तो आपल्या पोटाचा, आपल्या पुण्याचा आणि आपल्या बायकांचाही आहे.

सुरुवात जानेवारी २०२५ पासून करू. पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात एका आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव तेव्हा आपल्यापैकी बहुतेकींनी पहिल्यांदाच ऐकलं. आधी जुलाब किंवा पोटाचा बिघाड, मग काही दिवसांनी पायात मुंग्या, पायातली ताकद जाणे. शरीराची स्वतःचीच रोगाशी लढणारी फौज चुकून नसांवर उलटते, असा हा आजार. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही जण दगावले, बरेच जण बरे होऊन घरी आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू मिळाला. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात असतो, एवढी एक ओळ लोकांनी पकडली आणि शहरभर बोलबाला झाला, ‘कोंबडी खाऊ नका.’

आमच्या वस्तीतल्या गटात त्याच महिन्यात एक ताई आजारी होती. तिला जीबीएस नव्हता, साधे जुलाब झाले होते. पण आठवडाभरात ती निम्मी झाली. भिंतीला धरून चालायची. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू हलकं आणि ताकदीचं खायला द्या. तिच्या सासूबाई दर वेळी अशा दुखण्यातून उठणाऱ्याला अळणी रस्सा द्यायच्या. या वेळी त्यांनी पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘कोंबडीनंच रोग आलाय म्हणत्यात, सुनंला कशी देऊ?’ दुसरीकडे मुळशी-मावळातून गावरान कोंबड्या आणून विकणाऱ्या आमच्या मैत्रिणींच्या पाट्या भरलेल्याच परत जात होत्या. एका अफवेनं एकीचं ताट आणि दुसरीची कमाई, दोन्ही अडवलं. त्या दिवशी आम्ही ठरवलं की या कोंबडीची गोष्ट मुळापासून समजून घ्यायची.

तर मूळ कुठे आहे? जगातल्या सगळ्या घरकोंबड्या आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून आल्या. थायलंडमध्ये मिळालेल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासच्या हाडांना संशोधक आज सर्वांत जुन्या घरकोंबड्यांच्या खुणा मानतात. तिथे लोक भात पिकवू लागले, सांडलेल्या दाण्यांना पाखरं आली आणि माणसाळली, असं ते सांगतात. पण यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. आपल्या घाटात राखी रानकोंबडा असतो, पहाटे डोंगरात ज्याची बांग ऐकू येते तो. कोंबडीच्या पायाची आणि कातडीची जी पिवळी झाक असते, तो गुण या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे तुमच्या परसात पिवळे पाय टाकत जी तलंग फिरते, तिच्या रक्तात आपल्याच डोंगराचा अंश आहे.

आता रश्श्याकडे येऊ. आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत पोट साफ केल्यानंतर माणसाला परत जेवणावर कसं आणायचं, याचा क्रम दिलेला आहे. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग डाळीचं कढण आणि शेवटी मांसाचा रस. त्यातही आधी अकृत, म्हणजे तेल-तिखट-मसाला काही न घातलेला, आणि मग कृत, म्हणजे फोडणी दिलेला. हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. अकृत मांसरस म्हणजे आपला अळणीच की! मटण-कोंबडी शिजवताना हळद-मीठ घालून जे पाणी उतरतं, ते आपण आधी लेकरांना वाटीवाटी देतो आणि मग उरलेल्यात तांबडा रस्सा करतो. वैद्यांनी पोथीत लिहिलं ते आपल्या आज्या चुलीपुढं करत आल्या. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, म्हाताऱ्या माणसाला आधी अळणी. पोट दुबळं असताना एकदम तिखट-तेलकट द्यायचं नाही, पायरी-पायरीनं चढायचं, ही त्यातली अक्कल आहे.

पण मैत्रिणींनो, ही अक्कल असली तरी कोंबडी काही रोज हाताशी नव्हती. परसातली कोंबडी ही बाईची तिजोरी. अंडी विकून मीठ-मिरची, लेकीच्या बांगड्या, दवाखान्याचं भाडं. गावरान पिल्लू खाण्याजोगं व्हायला पाच-सहा महिने लागतात. मधे मुंगूस आहे, घार आहे, मानमोडी आहे. म्हणून कोंबडी कापली जायची ती पाहुणा आला तर, जत्रेला, आखाडात, नाहीतर बाळंतिणीसाठी. जिनं ती पाळली तिच्या ताटात काय यायचं? बहुतेक वेळा पाठीचं हाड आणि तळाचा रस्सा. हा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही, पण तुम्हाला आम्हाला तोंडपाठ आहे.

पुणे शहरात तर गोष्ट अजून वेगळी. पेठांमधली कितीतरी घरं शाकाहारी. मांस-मच्छी मिळायची ती कॅम्पातल्या कनॉट मार्केटात, जे आजचं शिवाजी मार्केट, किंवा वस्तीवस्तीच्या छोट्या दुकानांत. भाजीपाल्याला १८८६ मध्ये सुरू झालेलं रे मार्केट, म्हणजे आपली महात्मा फुले मंडई. कष्टकरी घरांत रविवारी मटण-कोंबडी ही सणासारखी. आठवडाभर भाकरी-कालवण, आणि कोंबडी ही चैनीची वस्तू.

हे बदललं कधी? यासाठी १९७१ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. एक घडली बंगालच्या सीमेवर, दुसरी कोंबड्यांच्या धंद्यात. दोन्हींचा आपल्या पोटाशी संबंध आहे.

पहिली गोष्ट. बांगलादेशाच्या युद्धातून लाखो निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत कॉलराची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडस केलं. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून पिंपात भरलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, रुग्णाला पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होतं, ते ४ च्या खाली आलं. तेच आज आपल्याला माहीत असलेलं ओआरएसचं पाणी. तोवर जुलाब झाले की पोट बंद ठेवा, अन्नपाणी तोडा, अशी समजूत होती. छावणीनं दाखवून दिलं की जुलाब चालू असतानाही आतडं पाणी शोषून घेतं. पुढे डॉक्टरांनी हेही सांगितलं की जुलाबात अन्नही तोडायचं नाही. आपल्याच जिल्ह्यात डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे शिरूर तालुक्यात वढू इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरातल्या बाईच्या हातात औषधाइतकंच बळ आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरी गोष्ट. त्याच १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीजचा पाया घातला. या उद्योगाचं मुख्य ठाणं पुढे पुण्यात आलं. यंत्रात अंडी उबवणं, एक दिवसाची पिल्लं शेतकऱ्याला देणं, खाद्य आणि लस पुरवणं, असं सगळं बसवलं गेलं. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तिचंही घर पुणेच. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोची होते. त्यामुळे जी कोंबडी वर्षातून चारदा दिसायची ती आठवड्याला परवडू लागली. पुणे जिल्ह्यात गावोगावी शेड उभी राहिली. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ सुरू झालं, पुढे बचत गट आले, आणि गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिल्लं आपल्या परसातही आली. स्वस्ताईनं कष्टकऱ्याच्या घरात प्रथिनं आली हे खरं. चव आणि गावरानचा मान मागे पडला, हेही खरं.

आता या दोन गोष्टी एकत्र कुठे येतात ते ऐका. लहान मुलाचे जुलाब १४ दिवस उलटूनही थांबले नाहीत, तर त्याचं आतडं आतून सोलपटल्यासारखं होतं. दूध पचत नाही, पिठूळही नीट पचत नाही. अशा मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं दोन आहार सांगितले आहेत. पहिल्यात दूध कमी केलेलं असतं. त्यानं गुण आला नाही तर दुसरा, बिनदुधाचा. त्यात थोडा भात, तेल, ग्लुकोज आणि अंडं, किंवा अंड्याऐवजी अगदी बारीक वाटलेली शिजवलेली कोंबडी. साधारण २०० मिलिलिटरच्या त्या मिश्रणात कोंबडी असते जेमतेम १२ ग्रॅम. हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचा असतो, घरी आपल्या मनानं नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. सगळ्यात दुबळ्या झालेल्या आतड्यालाही जे पचेल अशा मोजक्या पदार्थांत मऊ शिजलेली कोंबडी आहे.

असं का? आपल्या आतड्याच्या आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. शेणानं सारवलेली जमीन जशी पुन्हा पुन्हा सारवावी लागते, तसंच. त्या सारवणाला प्रथिनं लागतात, जस्त लागतं. कच्च्या कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, आणि पाण्यात मऊ शिजवलं की ती सहज पचतात. तेल-तिखट नसल्यामुळे पोटावर भार पडत नाही. पाणी आणि मीठही आपोआप पोटात जातं.

पण इथे दोन गोष्टी खरं खरं सांगायला हव्यात. एक, ताकद नुसत्या पाण्यात नसते. रश्श्यात चव उतरते, मीठ उतरतं, थोडा अंश उतरतो. प्रथिनं मुख्यतः फोडीतच राहतात. म्हणून आजाऱ्याला वरचं पाणी पाजून फोडी दुसऱ्यानं खाल्ल्या, तर आजाऱ्याच्या वाट्याला फारसं काही गेलं नाही. दोन, कोंबडीत चोथा अजिबात नाही. आणि आपल्या आतड्यात जे कोट्यवधी चांगले जंतू राहतात, त्यांचं जेवण म्हणजे चोथा. तो भाकरीत, डाळीत, भाजीत, फळात असतो. नुसती कोंबडी खाऊन पोट सुधारत नाही. कोंबडी सारवण करते, भाकरी-भाजी घरातल्या राखणदारांना जेवू घालते. दोन्ही हवं.

म्हणून आमच्या गटात आम्ही अळणी असा करतो. अर्धा किलो कोंबडी, कातडी काढलेली. पातेल्यात थोडं आलं-लसूण ठेचून, अर्धा चमचा हळद, बेतानं मीठ आणि दीड लिटर पाणी. उकळी आली की वरचा फेस काढायचा. मूठभर मुगाची डाळ आणि वाटीभर दुधी किंवा लाल भोपळा चिरून घालायचा. ब्रॉयलर पाऊण तासात शिजते, गावरानला दीड-दोन तास मंद आच लागते. मांस हाडावरून सुटलं पाहिजे आणि आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये. मग फोडी बोटांनी कुस्करून मऊ भातात किंवा ज्वारीच्या कण्यांत कालवायच्या. पोट सावरलं की दोन दिवसांनी जिऱ्याची फोडणी, नंतर भाकरी. ज्या माळकरी आहेत किंवा मांस खात नाहीत, त्यांनी हीच पायरी मुगाच्या कढणानं आणि ताज्या ताकानं चढावी. यात कमीपणा काही नाही.

आता परत भीतीकडे येऊ, कारण कोंबडीला वाळीत टाकण्याची ही पहिली वेळ नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, शेतकरी बुडाले. तो रोग खरा होता आणि सावधगिरी गरजेची होती. पण शिजवलेली कोंबडी खाऊन तो होत नाही, हे सांगेपर्यंत दुकानं ओस पडली. २०२० मध्ये करोना यायच्या सुमारास मोबाईलवर अफवा फिरली की कोंबडीनं करोना होतो. त्यात काही तथ्य नव्हतं, पण पिल्लांना जगवायला खाद्य घेणं परवडेना, इतका भाव पडला. आणि तिसऱ्यांदा २०२५ मध्ये जीबीएस.

या तिसऱ्या वेळी संशयाला थोडा आधार होता, म्हणून नीट समजून घेऊ. कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या कोंबडीवर असतो. तो अर्धकच्च्या मांसातून, हाता-सुरीवरून आणि दूषित पाण्यातूनही पोटात जातो. पुण्यातल्या त्या साथीत बोट प्रामुख्यानं पाण्याकडे दाखवलं गेलं. खडकवासला परिसरातल्या साथीचा संबंध दूषित पाण्याशी आहे, कोंबड्या मारायची गरज नाही, मात्र अन्न पूर्ण शिजवून खा, असं तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी फेब्रुवारीत सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं कोंबडीला दोष दिला म्हणून नळाचं पाणी काही स्वच्छ होत नाही. पाणी तपासून घ्या, टाकी धुवा, क्लोरीन आहे का विचारा, हा प्रश्न ग्रामसभेत बायकांनी विचारायचा आहे. तो विचारला नाही तर आपण कोंबडी सोडू आणि जंतू मात्र घागरीतून घरात येतच राहील.

आणि स्वयंपाकघरातलं आपल्या हातात आहेच. कच्ची कोंबडी नळाखाली धुवू नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीवर उडतात. दुकानातूनच साफ करून आणा आणि सरळ पातेल्यात टाका. तिची सुरी-पाट वेगळा ठेवा, नंतर साबणानं धुवा, हातही. शिजवलेला रस्सा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, परत खाताना खळखळ उकळा. जुलाबात सगळ्यात आधी ओआरएस, मग अन्न. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. शौचातून रक्त, लघवी कमी, डोळे खोल, किंवा जुलाबानंतर पायात मुंग्या आणि ताकद जाणं, असं दिसलं तर रश्श्याची वाट बघू नका, लगेच दवाखाना.

आमच्या त्या ताईचं काय झालं? आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. सासूबाईंना जे कळलं ते सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘मग पाणी उकळून घेते आणि कोंबडी नीट शिजवते, एवढंच ना?’ एवढंच. त्या संध्याकाळी पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. आणि वाढताना आम्ही बघितलं, सवयीनं त्यांनी सुनेच्या वाटीत पाणी ओतलं आणि फोडी मुलाच्या ताटाकडे नेल्या. मग थांबल्या, स्वतःशीच हसल्या आणि दोन फोडी सुनेच्या वाटीत टाकल्या.

मैत्रिणींनो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. पुण्यात एवढे कारखाने, एवढ्या कोंबड्या, एवढी दुकानं. तरी घराघरात पातेल्यातून ताटात जाण्याचा जो हातभर रस्ता आहे, त्यावर आपणच अडतो. तेव्हा पुढच्या रविवारी, किंवा जेव्हा कधी तुमच्या घरी कोंबडी शिजेल तेव्हा, वाढणाऱ्या हातानं आपल्याही ताटात एक चांगली फोड ठेवा. आणि पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीआधी एकमेकींना विचारा, ‘बाई गं, तुझ्या वाट्याला काय आलं?’